वाटीचं वजन

एक वाटी साखर मिक्सरमध्ये फिरवा आणि तयार झालेली पिठीसाखर हलक्या हाताने पुन्हा त्याच वाटीत भरायला घ्या. वाटी भरते आणि वर निम्म्याहून जास्त वाटी साखर भांड्यात उरते. साखर कणभरही वाढलेली नाही. काट्यावर ठेवली तर आधी होती तेवढीच भरेल. वाढली आहे ती कणाकणांमधली हवा. वाटीने मोजताना आपण जिनसाबरोबर ही हवाही मोजतो, आणि प्रत्येक जिनसात तिचं प्रमाण वेगळं असतं. वाटीचे ग्रॅम आणि ग्रॅमच्या वाट्या करताना होणारा बहुतेक घोळ या हवेचाच असतो.

आकडे पाहिले की ही गोष्ट चटकन लक्षात येते. साखरेचा अखंड स्फटिक पाण्याच्या जवळपास १.६ पट जड असतो. म्हणजे १५० मिलिलिटरच्या वाटीत साखरेचा सलग ठोकळा बसवता आला, तर तो २४० ग्रॅमच्या आसपास भरेल. आपण वाटीत नेहमीची दाणेदार साखर भरतो तेव्हा भरतात १२५ ते १३० ग्रॅम. जवळपास निम्मी वाटी हवेची. बारीक मिठाचंही तसंच: ठोकळा सव्वातीनशे ग्रॅमचा, प्रत्यक्षात वाटीत १८० ग्रॅम. पिठाकडे आलो की हवा आणखी वाढते. गव्हाचं पीठ चाळून हलकेच भरलं तर तेवढ्याच वाटीत ७५ ते ८५ ग्रॅम बसतं. सलग पिठाचा गोळा असता तर त्याच्या अडीच-तीनपट वजन भरलं असतं.

पिठात हवा एवढी का राहते? साखरेचा दाणा स्वतःच्या वजनाने घरंगळतो आणि खालच्या दोन दाण्यांमधली जागा शोधून बसतो. पिठाचा कण इतका हलका असतो की शेजारच्या कणाची ओढ त्याच्या वजनापेक्षा भारी ठरते. तो घरंगळत नाही, जिथे टेकेल तिथे चिकटतो. कणांच्या कमानी होतात आणि त्यांच्या पोटात हवा कोंडते. वाटी ओट्यावर दोनदा आपटली की या कमानी कोसळतात, पीठ खाली बसतं आणि वर आणखी दोन चमचे मावतात. चाळलं की पुन्हा फुलतं. म्हणून पिठाच्या वाटीचं एकच एक वजन सांगता येत नाही. डब्यात वाटी खुपसून दाबून काढलेलं पीठ ९५ ग्रॅमपर्यंत जातं, चमच्याने भुरभुरवत भरून सुरीच्या पाठीने सपाट केलेलं ७५ ग्रॅमवर थांबतं. वाटी तीच, पीठ तेच, आणि फरक पाव हिश्शाचा.

गोल दाण्यांच्या बाबतीत गणितज्ञांनी यावर बराच विचार केला आहे. सारख्या आकाराच्या गोळ्या भांड्यात ओतून हलवल्या तर त्या सुमारे ६४ टक्के जागा व्यापतात. फळवाला मोसंब्यांची रास लावतो तशा हाताने रचल्या तर ७४ टक्के. याहून दाट रचना होऊच शकत नाही, असा अंदाज योहानेस केप्लरने १६११ साली मांडला होता. त्याची सिद्धता टॉमस हेल्स या अमेरिकी गणितज्ञाने १९९८ मध्ये दिली. यात स्वयंपाकघराच्या कामाची एक बाब आहे. भरण्याचं हे प्रमाण दाण्याच्या आकारमानावर फारसं अवलंबून नसतं. साबुदाणा बारीक असो की मोठा, वाटीत वजन जवळपास तेवढंच भरतं. दाणा पिठाइतका बारीक झाला, किंवा पोह्यांसारखा चपटा, वेडावाकडा झाला, की मगच हिशोब बिघडतो.

आपल्याकडे मोजण्याच्या या दोन पद्धतींना पूर्वीपासून वेगळी नावं होती. मापाने मोजायचं ते कैली आणि तराजूने मोजायचं ते वजनी. शेर दोन्हीकडे होता, पण कैली शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा. कैली मापांची उतरंड शेरापर्यंत दुपटीची: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पुढे मण कुठे बारा पायल्यांचा तर कुठे सोळा पायल्यांचा, आणि वीस मणांची खंडी. दुपटीची मापं असली की निरक्षर माणसालाही हिशोब ठेवता येतो. एक माप दोनदा ओतलं की वरचं माप भरलं पाहिजे, आणि नाही भरलं तर कोणतं तरी माप खोटं आहे हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कळतं.

धान्य कैली मापाने मोजणं हे अडाणीपणाचं नव्हतं. ज्वारी, गहू, तांदूळ, हरभरा, तूर हे सगळे गुळगुळीत, कडक दाणे. ते मापात जवळपास सारख्याच दाटीने बसतात आणि त्यांची वजनंही जवळजवळ येतात: मिलिलिटरला साधारण ०.८ ग्रॅम, थोडं इकडे-तिकडे. त्यामुळे वाटीभर तांदूळ ११५ ते १२५ ग्रॅम आणि वाटीभर डाळ १२० ते १३० ग्रॅम. इडलीला तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीदडाळ घ्या किंवा ७५० ग्रॅमला २५० ग्रॅम घ्या, इडली तशीच होते. उलट धान्याच्या व्यापारात आजही वजन आणि माप एकत्र वापरून दर्जा ठरवतात. शंभर लिटर मापात गहू किती किलो भरतो याला हेक्टोलिटर वजन म्हणतात. चांगला भरलेला गहू ७६ ते ८० किलोंच्या घरात जातो. दाणा सुरकुतलेला, पोचट असेल तर आकडा खाली येतो.

मापाचा कमकुवत दुवा म्हणजे शीग. काठापर्यंत सपाट भरलेलं माप आणि शिगोशीग भरलेलं माप यांतला फरक किती असावा? धान्य ओतलं की त्याचा शंकू होतो आणि त्याचा उतार साधारण ३० अंशांवर स्थिरावतो. आठ सेंटिमीटर रुंद आणि तीन सेंटिमीटर खोल अशी सरळ काठांची वाटी घेतली, तर ती सपाट भरून १५० मिलिलिटर होते आणि वरच्या शिगेत ३८ ते ३९ मिलिलिटर बसतात. म्हणजे पाव वाटी वर. हीच १५० मिलिलिटर वाटी उभट, अरुंद तोंडाची असती तर शीग पुष्कळच लहान झाली असती. तोंड रुंद तेवढी शीग मोठी, हे धान्य मोजून घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही चांगलं ठाऊक असायचं. शिगेवरून भांडणं जगभर झाली आहेत. क्रांतीच्या आधीच्या फ्रान्समध्ये, १७८९ साली गावोगावच्या लोकांनी राजाला तक्रारींच्या ज्या याद्या पाठवल्या, त्यांत सगळीकडे एकच वजन आणि एकच माप असावं ही मागणी वारंवार येते. मेट्रिक पद्धत त्याच उलथापालथीतून जन्मली.

वजनी बाजूलाही सगळं सरळ नव्हतं. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, ठरला. चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा होता, म्हणून स्वयंपाकात ‘रुपयाभार’ हे वजन चाले. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा. पण मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि त्याचे शेर चाळीस, त्यामुळे तिथला शेर जेमतेम ३१७ ग्रॅमचा. आजीच्या वहीत ‘एक शेर साखर’ लिहिलेली सापडली तर तो शेर कुठला हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चूक झाली तर जवळपास तिपटीची होईल. अशा वेळी त्याच पाककृतीतल्या दुसऱ्या जिनसाकडे पाहावं. रवा शेरात आणि दूध लिटरात किंवा नारळ नगात दिले असतील, तर त्यावरून शेर ओळखता येतो. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ मध्ये ती सक्तीची झाली. बाजार किलोवर गेला. स्वयंपाकघर मात्र वाटीवरच राहिलं. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’तही प्रमाणं वाटी-चमच्यातच आहेत, आणि त्या पुस्तकावर पिढ्या स्वयंपाक शिकल्या.

वाटीवर एवढ्या पिढ्यांचं भागलं याचं कारण समजून घेण्याजोगं आहे. वाटीची पाककृती किती घ्या हे सांगत नाही, कशाला किती घ्या हे सांगते. उकडीच्या मोदकांना वाटीला वाटी पाणी. वाटी शंभर मिलिलिटरची असो की दोनशेची, उकड तशीच निघते, मोदक तेवढे कमी-जास्त होतात. त्यामुळे ‘वाटी म्हणजे नक्की किती ग्रॅम’ हा प्रश्न घरात फारसा कोणाला पडलाच नाही, आणि पडण्याची गरजही नव्हती. एकच अट असते: सगळे जिन्नस त्याच वाटीने मोजायचे.

मात्र हे प्रमाण मापाचं आहे, वजनाचं नाही. इथे घसरायला होतं. मोदकांना ‘पिठाइतकंच पाणी’ हे ऐकून कोणी १०० ग्रॅम पिठाला १०० ग्रॅम पाणी घेतलं, तर उकड कोरडी होईल आणि पाऱ्या चिरतील. तांदळाच्या बारीक पिठाची १५० मिलिलिटरची वाटी ९० ते १०० ग्रॅम भरते, आणि पाण्याची वाटी १५०. वाटीला वाटी हे वजनात मांडलं तर १०० ग्रॅम पिठाला दीडशेच्या वर पाणी होतं. काटा नवीन घेतलेल्या घरात ही चूक हमखास होते, कारण ‘समप्रमाण’ म्हटलं की काट्यावर दोन सारखे आकडे आणण्याचा मोह होतो.

बेसनाच्या लाडवांत आणखी एक खोच आहे. दोन वाट्या बेसनाला एक वाटी पिठीसाखर हे नेहमीचं प्रमाण धरू. बेसन फुललेलं असेल तर दोन वाट्यांचे १३० ते १४० ग्रॅम, आणि पिठीसाखरेच्या वाटीचे ८० ग्रॅमच्या आसपास. आता कोणी एक वाटी साखर घेऊन ती दळली आणि सगळी घातली, तर साखर १२५ ग्रॅमच्या वर गेली. दीडपटीहून जास्त. लाडू घशाखाली उतरत नाहीत आणि दोष हरभऱ्याच्या डाळीला लागतो. ‘एक वाटी साखर, दळून’ आणि ‘एक वाटी दळलेली साखर’ या दोन वेगळ्या सूचना आहेत. ‘एक वाटी दाणे, कुटून’ आणि ‘एक वाटी दाण्याचं कूट’, ‘एक वाटी पीठ, चाळून’ आणि ‘एक वाटी चाळलेलं पीठ’, यांचंही तसंच. पाककृती लिहिणाऱ्यांनी मोजण्याची वेळ स्पष्ट सांगितली पाहिजे, असं मला आग्रहाने वाटतं. छापील पाककृतींतला निम्मा घोटाळा तेवढ्यानेच मिटेल.

चकलीच्या भाजणीत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. घरापुरती भाजणी वाट्यांनी होते, पण दिवाळीची भाजणी किलोने दळायला जाते. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, मूगडाळ, उडीदडाळ यांच्या वाट्या थेट वजनात नेल्या तरी चालतं, कारण चौघांची वजनं सारखीच. पण त्याच यादीतले पोहे आणि धने वेगळे काढावे लागतात. धन्यांची वाटी ५० ग्रॅमच्या आसपास भरते, तांदळाच्या निम्म्याहून कमी. वाटीला १२० ग्रॅम हा एकच गुणक सगळ्या यादीला लावला तर धने दुपटीहून जास्त पडतील. पातळ पोह्यांचा तर आकडाही देण्यात अर्थ नाही. ते दाबाल तसे बसतात.

वर्षाच्या मसाल्याचं गणित घराघरांत आधीपासून वजनावरच चालतं, ते याच कारणाने. सुक्या मिरच्या, दगडफूल, तमालपत्र वाटीने मोजणं अशक्य आहे. म्हणून डंकावर नेताना मिरची किलोने, धने पाव किलो-अर्धा किलोने आणि बाकी गरम मसाला पन्नास-पंचवीस ग्रॅमने, असाच हिशोब असतो. आमटीतली हळद चमच्याने आणि हिंग चिमटीने. ज्या जिनसाला जे माप सोयीचं ते वापरण्याची ही समज आपल्या स्वयंपाकघरात मुरलेली आहे.

मग ग्रॅमची खरी गरज कुठे लागते? जिथे वाटेत दुरुस्ती करता येत नाही तिथे. कणीक मळताना पाण्याचा हात थांबवता येतो, भाकरीच्या पिठाला आणखी शिंतोडा देता येतो, पाकाची तार पाहता येते. केक एकदा ओव्हनमध्ये गेला की त्यात काही घालता-काढता येत नाही. तिथे मैदा पाव हिश्शाने जास्त पडला तर केक कोरडा आणि दडस होतो. पावाचंही तेच. शिवाय केकमध्ये अंडी नगावर येतात, लोणी पाकिटातून येतं, आणि यांतलं काहीही वाटीच्या मापानुसार लहान-मोठं होत नाही. प्रमाणाचा आधार तिथे सुटतो.

त्यातून परदेशी पाककृतींमधला कप हा स्वतःच एक प्रश्न आहे. अमेरिकी कप २३७ मिलिलिटरचा, त्यांच्या पाकिटांवरच्या पोषणमाहितीसाठी तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियात कप २५० चा आणि मोठा चमचा २० मिलिलिटरचा. इतर बहुतेक ठिकाणी मोठा चमचा १५ चा आहे. जपानी कप २०० चा. राइस कुकरबरोबर येणारा प्लॅस्टिकचा कप या सगळ्यांहून वेगळा, १८० मिलिलिटरचा, कारण तो तांदूळ मोजायच्या ‘गो’ या जुन्या जपानी मापावरून आला. न्यू जर्सीत किंवा सिडनीत राहणाऱ्या लेकीला आईने फोनवरून ‘दोन वाट्या रवा’ सांगावं आणि लेकीने दोन कप घ्यावा, यात अजिबात अडचण नाही, जोवर तूप, साखर आणि पाणीही त्याच कपाने घेतलं जातं. मीठ आणि वेलची मात्र चमच्यात सांगितलेली असतात. १५० च्या वाटीऐवजी २४० चा कप घेतला तर शिरा १.६ पट झाला. चमचेही त्याच पटीने वाढवावे लागतात, आणि नेमकं हेच विसरलं जातं.

अमेरिकेत कप आणि चमचे सपाट भरून मोजण्याची शिस्त रूढ होण्यात फॅनी फार्मर या बाईंचा वाटा मोठा आहे. बॉस्टनच्या पाकशाळेच्या त्या प्रमुख होत्या आणि १८९६ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने सपाट मापाचा आग्रह धरला. तोवर तिकडेही अक्रोडाएवढं लोणी, चहाचा कप भरून पीठ अशी मापं चालत. फार्मरबाईंनी शीग काढून टाकली, तरी पीठ किती दाबून भरलं हा प्रश्न राहिलाच. युरोपातल्या बहुतेक देशांनी काटा पत्करला आणि तो सोडवला.

बाजारात आपल्याला वजन आणि माप यांची सांगड रोज घालावी लागते, बहुतेकदा नकळत. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅमच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, कारण तेल पाण्याहून हलकं. तुपाचंही जवळपास तेवढंच: एक किलो तूप म्हणजे सुमारे १.१ लिटर, त्यामुळे लिटरचा आणि किलोचा डबा शेजारी ठेवून भाव पाहताना लिटरच्या डब्यात ९० ते १०० ग्रॅम तूप कमी आहे हे धरावं लागतं. तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांवर सुमारे ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांवर ८९३ ग्रॅम. काही कंपन्या पिशवीवर चढं तापमान छापून त्या तापमानाचं लिटर मोजत होत्या. म्हणून २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने तापमानाचा उल्लेख काढून मापाबरोबर वजनही छापायला सांगितलं. २६ ग्रॅमचा फरक एका पिशवीत क्षुल्लक दिसतो, देशभराच्या पिशव्यांत तो क्षुल्लक राहत नाही.

गावातल्या दूध संकलन केंद्रावर तर हाच हिशोब शेतकऱ्याच्या पोटाशी जोडलेला आहे. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, लिटरला साधारण १,०३० ग्रॅम. केंद्रावर दूध अनेकदा काट्यावर घेतात आणि लिटर काढताना १.०३ ने भागतात. लॅक्टोमीटर दुधात किती बुडतो यावरून ‘डिग्री’ पाहतात. डिग्री ३० आली म्हणजे दुधाची सापेक्ष घनता १.०३०. पाणी घातलं की डिग्री उतरते. मलई काढली की ती चढते, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो. म्हणून नुसत्या डिग्रीवर दर ठरत नाही, फॅटही मोजावं लागतं.

आइस्क्रीम मिलिलिटरमध्ये विकतात हे लक्षात ठेवायला हवं. घोटताना त्यात हवा भरली जाते आणि तीही मापात येते. आपल्या अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी म्हणूनच आइस्क्रीमला लिटरला किमान ५२५ ग्रॅम वजनाची अट घातली. एक लिटरचा डबा हातात घेतल्यावर तो अर्ध्या किलोच्या जरा वर वाटला, तर तो नियमात आहे, आणि जवळपास निम्मा डबा हवा आहे.

चमच्यांकडे वळू. पाच मिलिलिटरच्या सपाट चमच्यात बारीक मीठ ६ ग्रॅम बसतं, साखर ४, खायचा सोडा साडेचार, कोरडं यीस्ट ३, हळद किंवा तिखट ३ ग्रॅमच्या आसपास. मिठाच्या बाबतीत हा आकडा पाठ असावा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे या चमच्याहून कमी. जाडं मीठ त्याच चमच्यात कमी भरतं, म्हणून जाड्या मिठाच्या पाककृतीत बारीक मीठ चमच्याला चमचा घातलं तर पदार्थ खारट होतो. लोणच्याला मीठ वजनानेच घ्यावं. तिथे त्याच्यावर चवीइतकंच टिकणंही अवलंबून असतं. घरातले चमचे मात्र पाच मिलिलिटरचे असतीलच असं नाही. पोह्यांचा चमचा, चहाचा चमचा, मिसळणाच्या डब्यातला छोटा चमचा, हे तीन वेगळे आहेत, आणि उथळ चमच्यावर शीग धरली तर ती चमच्याइतकीच असू शकते.

घरगुती डिजिटल काटा एका ग्रॅमच्या टप्प्याने वाचतो. दोनशे ग्रॅम मैद्यात एका ग्रॅमची चूक म्हणजे काहीच नाही, पण दोन ग्रॅम सोड्यात ती निम्मी. म्हणून पिठं, साखर, लोणी, गूळ काट्यावर आणि सोडा, यीस्ट, हळद सपाट चमच्याने, ही विभागणी चांगली. गुळाला काट्याशिवाय पर्याय नाही. किसलेला, चिरलेला आणि दाबलेला गूळ यांच्या वाट्यांत फार मोठं अंतर पडतं.

आपल्या वाटीचं माप काढणं सोपं आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं. जेवढे ग्रॅम तेवढे मिलिलिटर. काटा नसेल तर अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीत किती वाट्या भरतात ते पाहावं. सव्वातीनच्या थोड्या वर भरल्या तर वाटी १५० ची आहे. त्या वाटीला तेल किंवा पातळ केलेलं तूप १३५ ते १४०, दूध आणि दही १५५, मध २१०, रवा १००-११०, साबुदाणा ९५, शेंगदाणे ९०, ओलं खोबरं हलक्या हाताने भरून ५० ग्रॅम. वाटी वेगळी निघाली तर त्याच पटीत हे आकडे कमी-जास्त करायचे.

छापील तक्त्यापेक्षा घरच्या हाताने भरलेली वाटी तोलणं केव्हाही बरं, कारण घट्ट भरायचं की सैल ही सवय ज्याची त्याची असते. घरातल्या जुन्या पाककृती लिहून ठेवतानाही हेच करता येतं. करणाऱ्या बाईंना मध्येच थांबवून वाटी तोलायला लावली की त्यांचा हात बिघडतो. त्याऐवजी बेसनाचा, साखरेचा, तुपाचा डबा सुरुवातीला तोलून आकडा लिहून ठेवावा, त्यांना नेहमीसारखं ओतू, चिमटीने टाकू, पुन्हा थोडं घालू द्यावं, आणि लाडू वळून झाले की डबे परत तोलावेत. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे लाडवांत गेले. शेवटी तूप कमी वाटलं म्हणून घातलेली ती वरची पळीही त्यात धरली जाते.